झाडून ठेवलेलं घर

मोहखोऱ्यात सुभद्रा हरणेच्या अंगणाची थट्टा कायम चालायची. तिच्या दारात कोंबडीसुद्धा पाय पुसून येते, असं लोक म्हणत. थट्टा करायला काय जातं! पण त्याच लोकांच्या घरी सोयरीक जुळवायला पाहुणे आले, की बाज सुभद्राच्याच अंगणात टाकली जाई, हेही तितकंच खरं. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून उजव्या हाताला वळलं, की डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याकाठी ही लहानशी वस्ती होती. कुडाच्या, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, मागे वावरं, आणि वावरं संपली की सागाचं जंगल.

सुभद्राचं माहेर रिद्धपूरजवळचं. बाप महानुभाव पंथाचा, गळ्यात गाठी, तोंडात दंडवत. बैलगाडीने तो जत्रांना भांडी विकायला जायचा आणि बायको-पोरींना सोबत न्यायचा. रिद्धपुरात पंथाने अवतार मानलेले श्रीप्रभू जिथे बसले, जिथे उभे राहिले, त्या जागांवर ओटे बांधलेले आहेत, आणि लोक त्या जागांपुढे डोकं टेकतात. बापाने हाच धडा गाडीच्या मुक्कामालाही लावला होता. रात्र काढली त्या झाडाखालून सकाळी निघताना आई तीन दगडांच्या चुलीतली राख भरायची, जागा झाडायची, पाणी शिंपडायची. मग बाप जमिनीला डोकं टेकायचा आणि बैल जुंपायचा. जागेने आपल्याला सांभाळलं, तिला घाण करून जायचं नाही. एवढंच त्याचं तत्त्वज्ञान, आणि ते पोरीच्या अंगात मुरलं.

लग्न होऊन ती मोहखोऱ्यात आली तेव्हा सासरी महानुभावांचं कोणी नव्हतं. सासरा म्हसोबाला नारळ फोडणारा, नवरा सूर्यभान कशालाच न मानणारा, पण बायकोला सडा-सारवणात कोणी टोकलं तर त्याच्या अंगावर धावून जाणारा. सूर्यभानचा आजा इंग्रजी अमलात सागाच्या कूपकटाईवर मजूर म्हणून इथे आला होता. कटाई झाल्यावर जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबानेच त्याला ओढ्याकाठची रिकामी जागा दाखवली आणि म्हणाला, राहा इथे, कसून खा, जंगलात वणवा लागला तर विझवायला ये. आजा राहिला. त्याच्यामागोमाग आणखी चार घरं आली. कागद कोणी मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही. साहेबाचा शब्द म्हणजे पुरे, असा तो काळ होता.

पुढे शब्दाचा काळ गेला आणि नकाशाचा आला. महसूलवाले म्हणत, ही जमीन ई-क्लास, म्हणजे सरकारी, आमची. जंगलखातं म्हणे, ही राखीव वनात मोडते, आमची. हत्तींची झुंज चालते आणि चेंदा गवताचा होतो, तसं मोहखोऱ्याचं चाललं होतं. खात्याची माणसं अधूनमधून येत, अतिक्रमणाचा दंड करत, कधी नांगर उचलून नेत. मग वनहक्काचा कायदा आला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहून कसणाऱ्यांना त्यांच्या जमिनीचा हक्क मिळायचा होता. गावाने ग्रामसभा घेतली, समिती केली, दावे भरले. समितीचे अध्यक्ष खुशालराव. हा शांत माणूस, एरवी चार शब्द बोलायचे म्हटले तरी आधी सुपारी कातरत बसायचा. पण त्याने एकही दावा मागे राहू दिला नाही. दावे अचलपूरला गेले आणि तिथेच बसले. ना मंजूर, ना नामंजूर.

दाव्याचा निकाल पाहायला सूर्यभान राहिला नाही. एका पावसाळ्यात त्याला ताप आला, तो डोक्यात गेला. ओढ्याला पूर होता, गाडी पलीकडे जाईना. सुभद्राने घराच्या मधल्या खोलीत त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिथेच तो गेला. त्यानंतर ती खोली ती दर आठवड्याला सारवायची. मुलगा किशोर तेव्हा अकोल्याला डाळमिलमध्ये लागला होता. तो म्हणायचा, "माय, अकोल्याले चाल." ती म्हणायची, "तुह्या बापाले एकटं सोडून कशी येऊ?"

त्या वर्षी मार्गशीर्षात कापूस अर्धा वेचून झाला होता आणि तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. सकाळी खात्याच्या गाड्या आल्या, मागून जेसीबी आला. गाड्यांतून उतरलेल्या माणसांनी वस्ती घेरली. त्यांचा साहेब तरुण होता, बोलायला गोड. खुशालराव दाव्यांच्या पोचपावत्या घेऊन पुढे झाले. साहेबाने त्या हातात घेतल्या आणि न वाचताच परत केल्या. "काका, हे सगळं तुम्ही वर सांगा. मला घरं खाली करून घ्यायचा आदेश आहे. सामान बाहेर काढा, कुणाला इजा नको."

मग एकच आकांत झाला. सुभद्राचा चुलत दीर जानराव जेसीबीपुढे आडवा पडला, त्याला चौघांनी उचलून बाजूला धरून ठेवलं. बायका ऊर बडवत होत्या. पोरं गुरांच्या मागे धावत होती. पहिलं घर खुशालरावांचं पडलं.

सुभद्राने आपली भांडी, गोधड्या, कणगी, सगळं बाहेर काढलं. आत वळून पाहिलं तर घर विस्कटलेलं. चुलीत राख, कोपऱ्यात दाण्यांचा कचरा, मधल्या खोलीत सुतळीचे तुकडे. ती दारात आली आणि साहेबाला म्हणाली, "साहेब, थांबा जराक. मी घर झाडून घेते."

साहेबाने मागे वळून जेसीबीकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाला, "झाडा बाई. सावकाश झाडा." आणि त्याने जेसीबीवाल्याला हात करून थांबवलं.

सुभद्राने चुलीतली राख भरली. घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडलं. गोठ्यातला शेणाचा पोह उचलून आणला आणि मधली खोली सारवली. उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, पदर डोक्यावर घेतला आणि उंबऱ्याला डोकं टेकलं. तिचं पाहून शेजारच्या दोघींनीही आपापल्या घरात झाडू घेतला. एक वनरक्षक मोबाइल धरून उभा होता. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती बाजूला झाली आणि साहेबाला दंडवत म्हणाली. तिच्या माहेरी शत्रूलाही तसंच म्हणतात. मग भिंत आत पडली, ओल्या सारवणावर.

त्या दिवसापासून मोहखोऱ्याची माणसं चार दिशांना गेली. काही रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहिली, जानराव अचलपूरला सासुरवाडीच्या आसऱ्याला गेला, सुभद्रा किशोरच्या अकोल्याच्या एका खोलीत. लोक पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले तर "अर्ज ठेवून जा" म्हणाले. तहसीलमध्ये गेले तर ते म्हणाले, हे जंगलखात्याचं. जंगलखात्यात जायची सोयच नव्हती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण इथे तर दळणारेही गायब होते.

शेवटी खुशालराव अमरावतीला वकील रागिणी मोहरील यांच्याकडे पोहोचले. रागिणीताई चाळिशीच्या. त्यांच्या वडिलांचीही वकिली अमरावतीतच झाली, त्यामुळे घरात कायद्याची पुस्तकं पाटावर मांडलेल्या देवांसारखी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच विचारलं, "दावे निकाली निघाले होते का?"

"नाई ना बाई. त्याचंच तर रडगाणं हाये."

"मग हे रडगाणं नाही काका, हीच आपली बाजू आहे. दाव्याची तपासणी पूर्ण होऊन निकाल लागेपर्यंत कुणालाही जमिनीवरून हलवता येत नाही. कायद्यात तसं साफ लिहिलंय. जमीन कुणाची हा प्रश्न नंतरचा. तुम्हाला काढलं, तेच बेकायदेशीर आहे."

जानराव खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो म्हणाला, "म्हनजे परत मियते का वावर?"

"मिळायला पाहिजे. नागपूरला हायकोर्टात जाऊ. आधी खात्याची तिथली झाडं-लागवड थांबवू, मग ताबा परत मागू."

याचिका दाखल झाली. पहिल्याच तारखेला कोर्टाने 'जैसे थे'चा आदेश दिला. खुशालरावांनी पालावर पेढे वाटले. संध्याकाळी रागिणीताईंनी फोनवर सांगितलं, की काका, याचा अर्थ ते आता तिथे खड्डे खोदून रोपं लावू शकत नाहीत. पण तुम्हीही बाहेर आहात, तर बाहेरच राहायचं. खुशालरावांनी उरलेले पेढे आत ठेवले.

पुढच्या तारखेला खात्याचं उत्तर आलं. उत्तरात लिहिलं होतं, की या लोकांना कोणी काढलेलं नाही. समजूत घातल्यावर त्यांनी स्वेच्छेने जागा खाली केल्या, स्वतः घरं झाडून-सारवून खात्याच्या हवाली केली. सोबत मोबाइलच्या व्हिडिओतून काढलेलं छायाचित्र होतं. सुभद्रा हरणे उंबऱ्यावर डोकं टेकते आहे, मागे सारवलेली जमीन चमकते आहे, शेजारच्या दोघी झाडू घेऊन उभ्या आहेत.

रागिणीताईंनी खुशालराव, जानराव आणि सुभद्राला अमरावतीला बोलावलं आणि ते छायाचित्र टेबलावर ठेवलं. किशोरने आईला अकोल्याहून आणलं होतं. सुभद्राने ते चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. घर पडल्यानंतर ती ते पहिल्यांदाच पाहत होती. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं.

जानरावने टेबलावर हात आपटला. "वैनी, हे काय करून ठेवलं तुमी! आमी उरावर दगड घेऊन राह्यलो होतो, अन् तुमी सारवून राह्यल्या होत्या! मढं उचलल्यावर झाडतेत तसं झाडलं घर. मंग ते मरन नाई तं काय!"

"जानराव," खुशालराव म्हणाले, "बोलनं जपून."

"काहून जपून? हिच्या एका झाडूनं सगयं गाव घालवलं. बह्याड बाई!"

सुभद्राने छायाचित्र टेबलावर परत ठेवलं. खरं म्हणजे जानराव वाईट माणूस नव्हता. त्याची तूर जनावरांनी खाल्ली होती, बायको माहेरच्यांच्या टोमण्यांनी रडत होती, आणि राग कुठेतरी काढायचा तर घरच्या माणसावरच निघतो. पण शब्द निघायचा तो निघून गेला.

अकोल्याला परतल्यावर सुभद्राने झाडूला हात लावणं सोडलं. सून प्रणालीच्या हे लगेच लक्षात आलं. सासू आली तेव्हा रोज पहाटे त्या एका खोलीचा कोपरान्‌कोपरा झाडायची, जिन्याच्या पायऱ्याही पुसायची. आता कचरा पायाला लागला तरी पाय बाजूला घ्यायची. प्रणालीने एकदा विचारलं, "आत्या, बरं नाई का वाटत?" सुभद्रा म्हणाली, "माह्या हाताले गुन नाई राह्यला, बाई. तूच झाड." रात्री सुनेने नवऱ्याला सांगितलं, आणि किशोर डाळमिलच्या धुळीने लाल झालेले डोळे चोळत नुसता बसून राहिला.

मग सुभद्राने किशोरकरवी वकीलबाईंना निरोप पाठवला, की याचिकेतून माझं नाव काढा. माझ्यामुळे बाकीच्यांचं नको जायला.

रागिणीताईंचं अकोल्याच्या कोर्टात काम होतं. ते आटोपून त्या किशोरची खोली शोधत आल्या. प्रणालीने चहा ठेवला. जानरावही त्या दिवशी आला होता, बहुधा माफी मागायला; पण माफी मागणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून तो एक युक्ती घेऊन आला होता.

"बाई, एक काम करा," तो म्हणाला. "वैनीनं सांगायचं, झाडायले त्यायनंच लावलं म्हनून. दमदाटी केली, झाडू हातात देल्ला. ज्या दोघी होत्या, त्याबी तसंच सांगतीन. झालं! फोटोची हवाच निघाली."

रागिणीताईंनी चहाचा कप खाली ठेवला. हे सोपं होतं, आणि चाललंही असतं. तिथे साहेब आणि मोबाइल धरून उभा असलेला वनरक्षक सोडले तर खोटं ठरवायला कोण येणार होतं? एवढी वर्षं ज्यांना खोट्याने छळलं, ते एकदा खोटं बोलले तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "मी तसं लिहून देणार नाही, भाऊ. उलटतपासणीत एकीची जीभ अडखळली, की सगळीच याचिका खोटी ठरेल. आणि काकू," त्या सुभद्राकडे वळल्या, "कोर्टाने जिल्हा प्रशासनाला चौकशी करायला सांगितलंय. लोक आपल्या मर्जीने गेले की काढले गेले, एवढंच ठरवायचंय. अचलपूरला सुनावणी आहे. तुमचं नाव काढलं तर तो फोटोच तुमच्या वतीने बोलेल. तुम्ही का झाडलं, ते तुम्हीच सांगा. मला ते सांगता येणार नाही."

"मले तरी कुठी सांगता येते, बाई," सुभद्रा म्हणाली. "झाडायचं असते म्हनून झाडलं."

"एवढंच सांगा."

"वैनी, असं सांगसान तं बुडालो आपुन," जानराव म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती.

सुनावणीच्या दिवशी किशोर आईला एसटीने अचलपूरला घेऊन गेला. कचेरीच्या व्हरांड्यात मोहखोऱ्याची माणसं आधीच जमली होती. घरं मोडल्यापासून सगळी एका ठिकाणी पहिल्यांदाच आली होती. पोरं मोठी दिसत होती, म्हातारी आणखी म्हातारी. कोणी कोणाची ख्यालीखुशाली विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या त्या दोघी सुभद्राजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "काकू, तुमी म्हनसान तसं आमी म्हनू." सुभद्रा म्हणाली, "तुमचं तुमी खरं सांगा. माह्या मांगं नका येऊ, एकडाव आल्या तं काय झालं पाह्यलं ना."

चौकशी अधिकारी टेबलामागे बसले होते. खात्याकडून वकील होते, तो गोड बोलणारा साहेब होता आणि मागे मोबाइलवाला वनरक्षकही. आधी खुशालरावांनी सांगितलं, मग जानरावने. जानरावने आपण जेसीबीपुढे पडलो ते सांगितलं, पण त्याचा फोटो कोणाकडे नव्हता. मग सुभद्राला बोलावलं.

खात्याच्या वकिलाने छायाचित्र तिच्यापुढे धरलं. "ही तुम्हीच ना?"

"हो."

"घर झाडायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

जानराव पुढे सरकून बसला. रागिणीताई हातातल्या पेनाकडे पाहत होत्या.

"कोनी नाई," सुभद्रा म्हणाली. "मीच म्हनलं साहेबाले, थांबा म्हनून. साहेब थांबले. त्याईचा तेवढा गुन मानते मी."

"म्हणजे तुम्ही आपल्या मर्जीने झाडलं."

"हो, माह्या मर्जीनं."

"आणि उंबऱ्याला नमस्कार केला, साहेबांना दंडवत घातला. मग घरही मर्जीनेच सोडलं, असंच ना?"

सुभद्राने डोक्यावरचा पदर नीट केला. ती जराशी जानरावकडे वळली, जणू उत्तर त्यालाच द्यायचं होतं, आणि मग पुन्हा टेबलाकडे.

"साहेब, माह्या दिरानं मले म्हनलं, का मढं उचलल्यावर झाडतेत तसं तू झाडलं. खरंच म्हनलं त्यानं. माह्या घरधन्याचं मढं त्याच घरातून निंगालं. आमी त्याले आंघोय घातली, नवं धोतर नेसवलं, पाया पडलो, अन् मंग खांद्यावर घेतलं. आता ते पाहून कोनी असं म्हनंल का, का थो मानूस आपल्या मर्जीनं मेला?" तिने छायाचित्रातल्या घरावर बोट ठेवलं. "घर पडनारच होतं. मशीन दारात उभी होती. माह्या सासऱ्यानं बांधलेलं घर. त्याले उष्ट्या-खरकट्यात पडू देऊ का मी? धुवून-पुसून पाठवलं. एवढाच माह्या मर्जीचा भाग. बाकी तुमची मर्जी."

खात्याच्या वकिलाने छायाचित्र फायलीत परत ठेवलं. चौकशी अधिकारी लिहायचे थांबले होते. गोड बोलणारा साहेब जमिनीकडे बघत होता. त्याच्याही घरी कधी कोणी गेलं असेल.

रागिणीताई उठल्या. "हा फोटो मोबाइलच्या व्हिडिओतून काढलेला आहे. मूळ व्हिडिओ आवाजासकट दाखवावा, अशी विनंती आहे."

साहेबाने वनरक्षकाला खूण केली. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. पडद्यावर सुभद्रा शांतपणे खोली सारवत होती, आणि त्या शांत चित्राखाली जेसीबीच्या इंजिनाची घरघर सतत वाजत होती. मधेच जानरावची आरोळी आली, "हात नोका लावू मले!", मग खुशालरावांच्या पडक्या घरावरचे कवेलू घसरून फुटल्याचा आवाज, आणि बायकांचं रडणं. चित्रात यातलं काहीच नव्हतं. जानराव खुर्चीत वाकून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. चौकशी अधिकाऱ्यांनी व्हिडिओ संपेपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "पुरे."

हायकोर्टाचा आदेश यायला पुढचा पावसाळाही अर्धा उलटला. दावे प्रलंबित असताना लोकांना काढणं कायद्याविरुद्ध झालं. ते मर्जीने गेले हे म्हणणं चौकशीत टिकलेलं नाही. दाव्यांचा निकाल लागेपर्यंत त्यांना होत्या त्या जागेवर परत बसू द्यावं, घरांची आणि पिकाची भरपाई जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवावी. रागिणीताईंनी हे सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी न चुकता म्हणाल्या, की दावे अजून निकाली निघालेले नाहीत, लढाई तीच आहे, फक्त आता ती घरात बसून लढायची आहे. पेढे या वेळी रागिणीताईंनीच आणले होते. खुशालरावांनी एक खाल्ला.

लोक परतले तेव्हा मोहखोऱ्यात घरं नव्हतीच. मातीचे ढिगारे, त्यांच्यावर उगवलेलं तरोट्याचं रान, वावरात 'जैसे थे'च्या आधीच रोपांसाठी खोदलेले आणि पावसाने भरलेले खड्डे. म्हसोबाच्या दगडाला कोणी धक्का लावला नव्हता, पण शेजारचा सासऱ्याने लावलेला आंबा तोडलेला होता. सुभद्रा त्याच्या बुंध्याशी बराच वेळ उभी राहिली. कोर्टाच्या आदेशात आंब्याबद्दल काही नव्हतं.

जानराव तिच्याआधी दोन दिवस येऊन पोहोचला होता. त्याने आपल्या ढिगाऱ्याला हात न लावता सुभद्राच्या जागेवरचं तरोटं उपटलं होतं, पडकी माती टोपल्यांनी बाजूला केली होती. मधल्या खोलीची जमीन उघडी पडली होती, आणि एका कोपऱ्यात सारवणाचा जुना पोपडा अजून शाबूत होता. झाडून मात्र त्याने काढलं नव्हतं. ती आली तशी तो पुढे झाला, कमरेला खोचलेला शिंदीचा नवा झाडू काढून त्याने तिच्यापुढे धरला आणि भलतीकडेच बघत म्हणाला, "वैनी, तुमचं तुमी करा. आमाले नाई येत तसं."

सुभद्राने झाडू घेतला. इतक्या महिन्यांनी तो हातात आल्यावर तिला रडूच कोसळलं. भांडी उचलणारी प्रणाली थांबली, किशोरने मान फिरवली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि मधल्या खोलीच्या कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली.

रस्त्याच्या बाजूला खात्याची गाडी येऊन उभी राहिली होती. कोण परत आलं याची नोंद करायला वनरक्षक आला होता. तोच तो, त्या दिवशीचा. त्याने सवयीने मोबाइल वर केला, मग कोणाकडे रोखलाय हे लक्षात येऊन ओशाळून खाली घ्यायला लागला.

सुभद्राने कंबर सरळ केली आणि त्याला हाक मारली. "काढ बावा, काढ. लाजू नको. झाडताना काढ, पाया पडताना काढ. अन् मंग तुह्या साहेबाले लिहून देजो, का ही बाई आपल्या मर्जीनं आली म्हनून."